नक्कल किती दिवसांची?

संध्याकाळचं संकलन सहाला सुरू होतं. घड्याळात सव्वापाच झाले होते आणि माझ्या समोरच्या काळ्या खिडकीत एकच ओळ उभी होती : ‘फेटल: कान्ट फाइन्ड युनिट सिस्टिम यूज्ड बाय दूधकाटा.’

ज्यांनी कधी पास्कल या भाषेत प्रोग्राम लिहिलेला नाही त्यांना या ओळीतला विनोद कळायचा नाही. पास्कलमध्ये लागतील ती युनिटं, म्हणजे तयार कोडाचे गठ्ठे, आपण नाव घेऊन मागतो. सिस्टिम मात्र कुणी मागत नाही, ते न मागता येतं. आकडे, अक्षरं, फाइल उघडणं, पडद्यावर एक शब्द छापणं, सगळं त्याच्या जिवावर. ते सापडत नाही म्हणजे तांदूळ धुवायला घ्यावेत आणि घरातल्यांनी सांगावं, पाणी नावाची वस्तू आपल्याकडे नसते.

दूधकाटा हा माझाच प्रोग्राम. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत तो बरीच वर्षं चालतोय. काम सरळ आहे. काट्यावरून वजन घ्यायचं, यंत्रावरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) घ्यायचं, दर काढायचा, पावती द्यायची, आणि दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल. आधी तो डेल्फीत, म्हणजे विंडोजवरच्या पास्कलमध्ये होता. मग संस्थेचा संगणक म्हातारा झाला, नवं विंडोज विकत घ्यायचं कुणाच्या मनात येईना, आणि मी सगळा बारदाना उचलून लिनक्सवर, फ्री पास्कल हा कंपायलर आणि त्याच्या जोडीचं लिहायचं अवजार लाझारस यांवर आणला. तेव्हापासून त्याला फारसा हात लावलेला नाही. चालतंय ते चालू द्यावं, हा आमच्या धंद्यातला शहाणपणा समजला जातो. तो शहाणपणा नाही हे कळायला मला त्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

झालं होतं असं. संस्थेनं दूध तपासायचं नवं यंत्र घेतलं. जुनं यंत्र वायरीवरून आधी फॅट पाठवायचं, मग एसएनएफ. नवं यंत्र या दोघांच्या मध्ये दुधातल्या पाण्याची टक्केवारीही पाठवू लागलं. माझा प्रोग्राम बिचारा दुसरा आकडा एसएनएफ म्हणूनच घेणार. सकाळच्या संकलनाला पहिल्याच म्हशीच्या दुधात पाणी शून्य निघालं आणि पावतीवर एसएनएफ शून्य छापून आलं. जितकं दूध चोख, तितका दर खाली. दुधात थोडंफार पाणी असणाऱ्याला निदान शून्याच्या वर काहीतरी मिळत होतं. सचिवांनी दोन पावत्यांनंतरच यंत्रणा बंद केली, वही काढली आणि मला फोन लावला. ‘साहेब, आज खऱ्याला काय भाव न्हाई बघा तुमच्या प्रोग्रामात.’

नवं यंत्र पाठवत होतं त्या आकड्यांच्या ओळीचा त्यांनी फोटो काढून पाठवला. कोडातली दुरुस्ती तीन ओळींची होती, दहा मिनिटांत झाली. कंपाइल करायला, म्हणजे कोडाचा चालणारा प्रोग्राम करायला गेलो आणि ‘सिस्टिम सापडत नाही’.

आठवड्यापूर्वी, २०२३ च्या श्रावणात, मी माझ्या मशिनवरचं डेबियन, म्हणजे माझं लिनक्स, नव्या आवृत्तीवर नेलं होतं. दहावरून अकरा, अकरावरून बारा, एकाच रविवारी. दहामध्ये फ्री पास्कल ३.०.४ होतं, अकरात ३.२.० आणि बारात ३.२.२. सगळं सुरळीत पार पडल्यावर जागा मोकळी करायची म्हणून जुनी, कुणाला न लागणारी पॅकेजं काढून टाकायची आज्ञाही दिली होती. त्यात ३.०.४ गेलं. जायलाच हवं होतं. मग सापडत नाही ते काय? ३.२.२ तर समोर बसलेलं आहे, नाव विचारलं तर आकडाही बरोबर सांगतंय.

कंपायलरला ‘तू नेमकं कुठंकुठं शोधलंस ते सांग’ असं विचारायची सोय असते. घाईत माणसाला ती शेवटी आठवते. ती खूण देऊन पुन्हा चालवलं तेव्हा पडद्यावरून ओळींचा लोंढा गेला. वर सरकवून पाहिलं. पहिल्याच काही ओळींत उत्तर होतं : कॉन्फिगरेशन फाइल (काय कुठं आहे ते कंपायलरला सांगणारी) वाचली ती माझ्या घरच्या फोल्डरमधली, टिंबानं सुरू होणारी एफपीसी डॉट सीएफजी. आणि त्यात युनिटांचा पत्ता अंकी लिहिलेला, ३.०.४.

टिंबानं सुरू होणाऱ्या फाइली लिनक्सवर एरवी दिसत नाहीत. ती तिथं आहे हे मी साफ विसरलो होतो. तारीख पाहिली : सप्टेंबर २०१९. हात माझाच.

फ्री पास्कल चालू झालं की आधी आपली कॉन्फिगरेशन फाइल शोधतं, आणि शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी आपण उभे आहोत तो फोल्डर, मग घरचा फोल्डर, मग एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये सांगितलेली जागा, आणि मग सगळ्यांची मिळून असलेली ईटीसी फोल्डरमधली फाइल. पहिली सापडली की शोध थांबतो. पुढच्या उघडूनही पाहिल्या जात नाहीत. म्हणजे डेबियनच्या पॅकेजवाल्यांनी ईटीसीमध्ये ३.२.२ ची नवीकोरी, बिनचूक फाइल आणून ठेवली होती, आणि माझा कंपायलर तिच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. वाटेत माझा चार वर्षांपूर्वीचा कागद आडवा पडलेला.

साडेपाच झाले होते. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. एडिटरमध्ये फाइल उघडली, ३.०.४ जिथं जिथं आहे तिथं ३.२.२ घातलं, जतन केलं. कंपाइल झालं. शेवटी एक सूचना आली : ‘क्रटबिगिन डॉट ओ सापडली नाही, यामुळे बहुधा लिंकिंग फसेल.’ कंपायलर ‘बहुधा’ म्हणतो तेव्हा मला नेहमीच थोडं धास्तावायला होतं. इतर वेळी तो इतक्या खात्रीनं बोलतो! पण त्या दिवशी लिंकिंग, म्हणजे सुटे तुकडे जोडून एक फाइल करणं, फसलं नाही. तयार फाइल पाठवली, सचिवांच्या नातवानं मी फोनवर सांगेन तसं करत ती जागेवर टाकली, आणि सहाला पाच कमी असताना पहिली चाचणीची पावती निघाली. एसएनएफ नऊच्या घरात. नातू म्हणाला, ‘काका, आला भाव खऱ्याला.’

रात्री जेवताना आण्णांनी विचारलं, ‘आज दिसभर फोनवर कशाला होतास रं?’

आण्णा तलाठी होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून कुणी गावाकडचं भेटलं की आधी गट नंबर विचारतात, मग तब्येत. त्यांना कंपायलर काय ते समजावून सांगायच्या भानगडीत मी कधी पडलेलो नाही. एवढंच म्हटलं, ‘मशीन जुना कागद वाचत होतं. नवा कागद दप्तरात होता, पण मी एकदा घरी आणून ठेवलेला जुना त्याला आधी दिसत होता.’

आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. ‘म्हंजे नक्कल. किती दिसांची?’

‘चार वर्षांची.’

ते हसले. ‘माझ्याकडं लोकं ट्रंकेतनं वीस-वीस वर्सांची नक्कल घिऊन यायची. शिक्का हाय, सही हाय, कागद खरा. आनि भांडायची, की माझं नाव हितं हाय. आरं बाबा, हितं हाय, पन दप्तरात कंस पडलाय न्हवं! मधी तीन फेरफार झाल्यात. तुझा कागद खोटा न्हाई. शिळा हाय.’

जेवण संपलं तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मी मनातल्या मनात फाइलीला दोष देत होतो, की चूक होती. चूक नव्हतीच. २०१९ मध्ये तिच्यातली ओळन् ओळ खरी होती. त्या दिवशी ती खरी होती म्हणूनच तर मी ती विसरू शकलो.

मग रात्री मशीन पुन्हा चालू केलं. आता घाई नव्हती.

आधी हे शोधलं की ३.०.४ हा आकडा तिथं आला कसा. फ्री पास्कल करणाऱ्यांनी याची काळजी घेतलेली आहे. फाइलीतल्या पत्त्यात आकड्याच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि ‘एफपीसीव्हर्जन’ असा शब्द लिहायची सोय आहे. कंपायलर फाइल वाचताना तिथं स्वतःचा आकडा घालून घेतो, ३.०.४ असेल तर ३.०.४, ३.२.२ असेल तर ३.२.२. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही असाच शब्द आहे. ही फाइल घडवून देणारं एक छोटं अवजार फ्री पास्कलबरोबरच येतं, एफपीसीएमकेसीएफजी नावाचं. त्याला पायाचा पत्ता सांगितला की ते काहीशे ओळींची फाइल तयार करून देतं. मी २०१९ मध्ये तेच वापरलं होतं. आणि आठवलं. पत्ता देताना मी डॉलरचा शब्द अवतरणात न घालता तसाच टाइप केला होता. लिनक्सच्या शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला, वाटलं हे आपलंच काहीतरी व्हेरिएबल आहे. त्या नावाचं काही नसल्यामुळे त्यानं तिथं रिकामी जागा भरली आणि डॉलर गिळून टाकला. तयार झालेल्या फाइलीत पत्ता मधूनच तुटलेला. दोनदा तसंच झाल्यावर मी वैतागून आकडाच ठोकला. ३.०.४. चाललं. झोपायला गेलो असणार.

आकडा इतका महत्त्वाचा का, हेही सांगायला हवं. पास्कलची युनिटं एकदा कंपाइल झाली की पीपीयू नावाच्या फाइलींत बसतात, आणि त्या फाइलींवर त्यांच्या आतल्या रचनेचा क्रमांक असतो. एका आवृत्तीच्या पीपीयू दुसरीला वाचता येतीलच असं नाही. क्रमांक जुळला नाही तर कंपायलर ती बाजूला ठेवतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीचं घर वेगळं, घरावर आकड्याची पाटी. बरी गोष्ट म्हणजे अशा दोन-तीन आवृत्त्या एकाच मशिनवर शेजारी-शेजारी नांदू शकतात. वाईट गोष्ट म्हणजे पाटी वाचणाऱ्यानं चुकीची पाटी वाचली तर शेजारचं घर उघडं असूनही तो कुलूप लावलेल्या दारावर धडका देत बसतो.

आणि फ्री पास्कल हा काही रोज आवृत्ती काढणारा प्रकल्प नाही. बोरलँड डॉससाठी ३२ बिटांचा पास्कल काढणार नाही हे दिसल्यावर फ्लोरियान क्लेम्प्फल यांनी १९९३ मध्ये हे काम सुरू केलं. १.० यायला २००० साल उजाडलं. ३.०.४ नोव्हेंबर २०१७ ची, तिच्या पुढची ३.२.० जून २०२० ची, ३.२.२ मे २०२१ ची. ब्राउझरचा आकडा महिन्याला बदलतो, तिथं तो आकडा कुठं लिहून ठेवायची हिंमत कुणी करत नाही. इथं कधी कधी अडीच वर्षं पाटी तीच राहते, आणि माणसाला वाटू लागतं की ती दगडात कोरलेली आहे. माझ्या मते संथ गोष्टींतच जास्त सावध राहायला हवं, पण हे मी आता म्हणतोय.

त्या ‘बहुधा’चाही छडा लागला. कंपायलरला लिंकिंगच्या वेळी जीसीसी या दुसऱ्या, सी भाषेच्या कंपायलरच्या फोल्डरमधल्या एक-दोन छोट्या फाइली लागतात, क्रटबिगिन त्यातलीच. एफपीसीएमकेसीएफजी फाइल तयार करताना जीसीसी तेव्हा कुठं आहे ते पाहून तो पत्ता लिहून ठेवतं. डेबियन दहावर जीसीसी आठवी होती, बारावर बारावी. माझ्या फाइलीत ‘८’. आणि ही ओळ तर मी हातानं लिहिलेलीही नव्हती! अवजारानं त्या दिवशी आजूबाजूला पाहिलं, दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. संध्याकाळी मी फ्री पास्कलचा आकडा बदलला तेव्हा हा दुसरा आकडा डोळ्यांसमोरून गेला, पण तो बदलायचा असतो हे कळलं नाही. तो आकडा दुसऱ्याच पॅकेजचा, दुसऱ्याच चालीनं वाढणारा. एका फाइलीत दोन घड्याळं होती आणि मी एकच लावलं होतं.

वास्तविक डेबियननं नक्कल आणि दप्तर यांचा विचार माझ्यापेक्षा कितीतरी आधी आणि खोलात जाऊन केलेला आहे. डीपीकेजी हा त्यांचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम ईटीसीमधल्या फाइलीला नुसता नव्यानं झाकून टाकत नाही. मागच्या वेळी पॅकेजबरोबर आलेल्या फाइलीचा ठसा त्यानं जपून ठेवलेला असतो. नवं पॅकेज आलं की तो तीन गोष्टी पाहतो : तेव्हा आलेली, आता मशिनवर असलेली, आणि आता नव्यानं येणारी. तुम्ही हात लावला नसेल तर गुपचूप नवी बसवतो. तुम्ही बदललीय पण पॅकेजवाल्यांनी बदललेली नाही, तर तुमची तशीच ठेवतो. दोघांनीही बदलली असेल तरच थांबून विचारतो, काय करू? त्यांची घेऊ, तुमची ठेवू, का दोघींतला फरक दाखवू? आणि काहीच न सांगता एंटर दाबलं तर तुमची ठेवतो. त्यांची नवी मग शेजारी डीपीकेजी-डिस्ट अशी शेपटी लावून पडून राहते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात ही शेपटी आरपीएमन्यू, आर्च या तिसऱ्यात पॅकन्यू. हा प्रश्न बहुतेकांना अपग्रेडच्या मध्यात, चहा घेऊन परत आल्यावर दिसतो, आणि बहुतेक जण फरक न पाहता एंटर दाबतात. त्या रविवारी मीही तीन-चारदा दाबला.

फ्री पास्कलच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आलाच नव्हता, कारण डेबियनच्या पॅकेजवाल्यांनी तो येऊच दिला नाही. प्रत्येक आवृत्तीची फाइल वेगळ्या नावाची, नावातच आकडा. एफपीसी डॉट सीएफजी हे साधं नाव म्हणजे नुसता दुवा, चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारा. अपग्रेड झालं की दुवा फिरतो. जुनी फाइल जुन्या कंपायलरबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. मला ही रचना फार आवडली. नाव बदलल्यामुळे भांडणच मिटलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती : माणसाच्या घरच्या फोल्डरमध्ये तो काय ठेवतो. तिथं पॅकेज जात नाही, जाऊही नये. तलाठी काही कुणाच्या ट्रंका तपासत फिरत नाही.

मग मी माझी जुनी फाइल आणि ईटीसीमधली ३.२.२ ची फाइल शेजारी ठेवून फरक काढला. आकडे सोडून दिले तर माझ्या स्वतःच्या अशा ओळी निघाल्या तीन. एक सिनासरचा पत्ता. सिरियल पोर्टवरून काटा आणि यंत्र वाचायला मी ते युनिट वापरतो. एक फालतू सूचना गप्प करणारी. आणि तिसरी एका लायब्ररीच्या फोल्डरचा पत्ता, जो फोल्डर आता मशिनवर नाही, आणि का घातला होता ते मला आठवत नाही. तिच्या वर माझ्याच हातची टीप : ‘तात्पुरतं.’

तीन ओळींसाठी मी काहीशे ओळींची नक्कल करून घरी आणली होती. त्या काहीशे ओळी माझ्या नव्हत्या. त्या कंपायलर करणाऱ्यांच्या आणि पॅकेजवाल्यांच्या, आणि त्यांच्याकडे त्या पुढे बदलत राहिल्या. माझ्याकडे थिजल्या.

हे एकट्या माझंच नाही म्हणून थोडं बरं वाटतं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब नावाच्या दोन फाइली आहेत. आपण कुठल्या मशिनवर आहोत हे ओळखायचं त्यांचं काम. कंपाइल करायच्या बऱ्याच पॅकेजांच्या पोटात त्यांची एक-एक प्रत असते, त्या पॅकेजच्या कर्त्यानं तेव्हा घातलेली, आत तारीख लिहिलेली. ६४ बिटांचे आर्म प्रोसेसर आले तेव्हा अशा असंख्य जुन्या प्रतींनी हे नाव कधी ऐकलेलंच नव्हतं. ‘मशीन ओळखता येत नाही’ म्हणून त्या अडून बसल्या. आतलं सी कोड चांगलं कंपाइल होण्यासारखं, पण दारावरचा माणूस आत सोडेना. डेबियननं शेवटी असा मार्ग काढला की पॅकेज बांधताना पोटातली जुनी प्रत बाजूला सारून स्वतःकडची ताजी घालायची. आधी हे प्रत्येकाला मुद्दाम सांगावं लागे, पुढे बांधणीच्या अवजारांनी ते आपणहून करायला घेतलं. म्हणजे हजारो कर्त्यांच्या ट्रंकेतल्या नकला एका झटक्यात रद्द. तलाठ्याला एवढे अधिकार असते तर आण्णांचा रक्तदाब वाढला नसता.

पुन्हा माझ्या फाइलीकडे. फ्री पास्कलच्या कॉन्फिगरेशन फाइलीत दुसरी फाइल ओढून घ्यायची सोय आहे : हॅश, इन्क्लूड, आणि तिचा पत्ता. म्हणजे घरच्या फाइलीत पहिली ओळ ‘ईटीसीमधली आण’, आणि खाली फक्त माझं जे काय असेल ते. मी जुनी फाइल बाजूला ठेवली, नवी लिहिली, कंपाइल केलं.

कान्ट फाइन्ड युनिट सिस्टिम.

रात्रीचे साडेअकरा. पत्ता तपासला, बरोबर. फाइल वाचायची परवानगी तपासली, बरोबर. पंधरा मिनिटं गेली. शेवटी दिसलं की मी हॅश लिहून एक जागा सोडली होती आणि मग इन्क्लूड. या फाइलीत हॅशला चिकटून शब्द आला तर तो हुकूम, आणि जागा सोडली तर ती नुसती टीप. माझ्या नीटनेटकेपणाच्या सवयीनं हुकमाची टीप झाली होती, आणि टीप वाचून कुणी तक्रार करत नाही. जागा काढली. कंपाइल झालं, क्रटबिगिनची कुरबुरही गेली, कारण आता जीसीसीचा पत्ता माझ्या घरचा नव्हता.

तीन ओळींपैकी सिनासरची ठेवली. सूचना गप्प करणारी काढली. पाहू तर खरं काय म्हणतात त्या. तिसरीचं काय करायचं कळेना. सकाळी चहाच्या वेळी आण्णांना विचारलं, नोंद आहे, पण कशासाठी केली ते माहीत नाही, काय करायचं?

‘फेरफार नंबर काय?’

‘नंबरच नाही ना.’

‘मग ती नोंद कशी म्हनायची?’ मग थोडं थांबून, ‘पर खोडू नगंस. कंस कर.’

आण्णांच्या काळात सातबाऱ्यावर नाव कमी करायचं तर ते खोडत नसत, कंस करत. आतलं नाव वाचता येई, पण ते लागू नसे. आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक, तो घेऊन सहा नंबरच्या नोंदवहीत गेलं की कुणी, कधी, कशावरून बदललं ते मिळतं. मी त्या ओळीच्या पुढे हॅश घातला, या वेळी मुद्दाम जागा सोडून. त्याच्या वर तारीख लिहिली आणि ‘कारण आठवत नाही, फोल्डर अस्तित्वात नाही, बंद केली’. सिनासरच्या ओळीवरही लिहिलं : काटा आणि फॅट यंत्र वाचण्यासाठी. घरच्या टिंबवाल्या फाइली गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या अवजारात टाकल्या. ईटीसीसाठी ईटीसीकीपर नावाचं अवजार आहे, ते पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर आपणहून नोंद करून ठेवतं, तेही बसवलं. उशिरा का होईना, सहा नंबरची वही सुरू झाली.

लाझारसचं एक राहिलं होतं. तो आपली माहिती घरच्याच दुसऱ्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो : कंपायलर कुठं, त्याचा सोर्स कुठं. पण हा गडी हुशार. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की तो विचारतो, इथं आधीच्या आवृत्तीची मांडणी आहे, ती वर आणू का? आवृत्तीवार वेगळा फोल्डर द्यायची सोयही त्यात आहे. म्हणजे त्याला नक्कल आणि तिची तारीख दोन्ही ठाऊक. मी इतकी वर्षं त्या खिडकीला वैतागून ‘हो’ दाबत आलो होतो. या वेळी वाचली.

पुढच्या रविवारी संस्थेत गेलो. नव्या यंत्राची वायर सैल बसते अशी तक्रार होती. तो म्हातारा संगणक कोपऱ्यात, वर प्लास्टिकचं आवरण, त्यावर दुधाचे वाळलेले थेंब. काही वर्षांपूर्वी एकदा इथंच बसून कंपाइल करायची वेळ आली होती, म्हणून यावरही फ्री पास्कल घातलेलं होतं. वायर घट्ट केली, आणि सहज म्हणून घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली दाखवायची आज्ञा दिली.

होती. सप्टेंबर २०१९. तीच साइज. माझ्या मशिनवरून पेनड्राइव्हनं आणलेली, नकलेची नक्कल.

‘काय निघालं काय?’ सचिवांनी विचारलं.

‘एक जुना कागद.’

‘फाडा की मग.’

मी तिचं नाव बदलत होतो तोवर सहा झाले. बाहेर किटल्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. पहिल्या बाईंनी किटली काट्यावर ठेवली, नातवानं नमुना यंत्राला लावला, आणि आम्ही तिघंही पडद्याकडे बघत राहिलो. फॅट सहा-आठ. पाणी शून्य. एसएनएफ नऊ-एक.

‘काल सहा-नऊ लागलं हुतं,’ बाई म्हणाल्या, आणि पावती घडी करून पदराच्या गाठीत बांधली.